चोथा

मातीच्या भांड्यावरचं झाकण खडखडलं आणि रुइफेन दचकली. काढा उतू चालला होता.

तिनं गॅस बारीक केला, खिडकी उघडली. वास काही जायला तयार नव्हता. सासूबाई दुपारच्या झोपेतून उठायच्या आत काढा गाळायचा, चोथा पिशवीत बांधून खाली नेऊन टाकायचा, एवढंच तर करायचं होतं. रोज हा खटाटोप नसे. दुकानातून काढा यंत्रात उकळून, बंद पिशव्यांत भरून येई. कापायची, गरम करायची, द्यायची. आज यंत्र बिघडलं होतं, म्हणून ती सुक्या वनस्पतींच्या पुड्या घेऊन आली होती.

आईला मुळ्या दिसू नयेत म्हणून ही पिशव्यांची युक्ती हाइचेनची, तिच्या नवऱ्याची. आईला अंडाशयाचा कॅन्सर आहे हे आईखेरीज घरातल्या सगळ्या मोठ्यांना ठाऊक होतं. त्यांना सांगितलं होतं, गाठ काढली, आता नुसती सूज उरलीय. उद्या हफेई शहरातल्या इस्पितळात पहिली केमो. घरात तिचं नाव ‘सुजेचं सलाईन’. हाइचेनच्या मावशीला स्वतःचं दुखणं कळलं, त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून निजली ती पुन्हा जेवलीच नाही. “आईचंही तसंच होईल,” हाइचेन म्हणाला होता. “ती उद्या गाडीत बसली पाहिजे. बस्स.”

रुइफेननं काढा वाटीत गाळला, चोथ्यानं भरलेलं गाळणं उचललं, तोच मागून आवाज आला.

“आधी भिजत घातलं होतंस का गं?”

सासूबाई, सू-युन, दारात उभ्या होत्या. रुइफेनची पाच वर्षांची लेक श्याओमान त्यांचं बोट धरून.

“हो, आई... म्हणजे, थोडा वेळ.”

“वाटलंच. वास कच्चा आहे.”

त्या आत आल्या. इथल्या, बोजौच्या औषधबाजारात चाळीस वर्षं तराजू धरलेला हात. त्यांनी रुइफेनच्या हातून गाळणं घेतलं, बशीत पालथं केलं आणि चॉपस्टिकच्या टोकानं चोथा पसरू लागल्या. काड्या एकीकडे, चकत्या एकीकडे. तांदूळ निवडावेत तसं.

“हे अंगात ताकद यावी म्हणून. हे भुकेसाठी.” मग टोक थांबलं. काळपट, बारीक गवताच्या गुंत्यावर. “सर्पजिव्हा. आणि ही अर्धकमळी.”

“ते सुजेवर दिलंय, आई.”

“सुजेवरही देतात. पण एवढा भारा नाही देत, पोरी. हा भारा मी कोणाकोणाला बांधून दिलाय, त्यांची तोंडं आठवतात मला.”

रुइफेननं रिकामं गाळणं बेसिनमध्ये ठेवलं.

“यानं जातं का?” सू-युननी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं. त्या तिची परीक्षा घेत होत्या.

“नाही,” रुइफेन म्हणाली. “वाढ मंदावते म्हणतात. कदाचित. इस्पितळातल्या डॉक्टरांना दाखवूनच देतोय. पण खरं औषध उद्याचं आहे, आई. ते चुकवू नका. पाया पडते तुमच्या.”

“कदाचित.” सू-युननी तो शब्द जिभेवर घोळवला. “मीही गिऱ्हाइकांना हेच सांगायचे. याहून जास्त सांगणारा लुच्चा.”

त्या स्टुलावर बसल्या आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. रुइफेनला हाइचेनची मावशी आठवली. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं. श्याओमान आजीच्या गुडघ्याला टेकून उभी होती, तीही भिंतीकडे बघू लागली.

“हाइचेनला सांगू नकोस,” सू-युन म्हणाल्या.

“काय?”

“मला कळलं ते. तीन आठवडे झोपला नाहीये पोरगा. पलीकडच्या खोलीत पावलं वाजतात त्याची. वाटू दे त्याला, आई ढ आहे म्हणून.” त्यांनी हात पुढे केला. “आण ती वाटी. गार झाल्यावर पाजणार आहेस का?”

एका दमात प्यायल्या. तोंड वेडंवाकडं केलं, तशी श्याओमान हसली.

“हा चोथा कुठे टाकणार होतीस?”

“रस्त्यावर. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांबरोबर दुखणं जातं ना.”

“दुसऱ्या गावात जात असेल. इथे कुत्रंसुद्धा मुळ्या ओळखतं! संध्याकाळपर्यंत बातमी बाजारभर होईल. खाली आवारातल्या बोरीखाली पुरून टाक.”

कुलपात किल्ली फिरली. रुइफेननं घाईनं बशीवर पातेलं पालथं घातलं. हाइचेन आत आला, बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. आईकडे, मग बायकोकडे बघितलं.

“घेतलंस औषध?”

“घेतलं बाबा. साध्या सुजेला एवढं कडू कशाला देतात कोण जाणे. उद्या गाडी कितीची?”

“साडेसहाची.”

“मग पाचला उठव मला. उशीर केलास तर तुझ्याशिवाय जाईन.”

त्याचे खांदे सैल झाले. तो बूट काढायला खाली बसला.

श्याओमाननं रुइफेनचा एप्रन ओढला. ती वाकली. पोरीनं दोन्ही हातांचा आडोसा करून तोंड तिच्या कानाशी आणलं.

“मम्मा, मंदावते म्हणजे आजी मी पहिलीत जाईपर्यंत असेल का?”