मागच्या ट्रकचा ब्रेक

वडील गेल्यावर ड्रायव्हरने त्यांचा बंद पडलेला ट्रक आपल्या जुनाट ट्रकला बांधला आणि भंगारवाल्याकडे निघाला. चढाला लागताच त्याच्या ट्रकचा दम गेला. पायथ्याच्या मिस्त्रीने येऊन डिझेल फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर झटकला, पाइप चाचपले, तरी गाडी गोगलगायीला मागे टाकेना. शेवटी मिस्त्रीने मागच्या ट्रकच्या चाकाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"तुझं इंजिन ठणठणीत आहे. मागचा ब्रेक मारतोय."

"मागे कोणीच नाही."

"ते तुझं तू बघ. मी फक्त इंजिनाचा मिस्त्री," म्हणत तो उतरणीला लागलासुद्धा.

ड्रायव्हर मागच्या रिकाम्या केबिनपाशी जाऊन उभा राहिला. "बाबा, भंगारात नाही, गॅरेजमध्ये नेतोय. रंगसुद्धा देऊ."

त्यानंतर दोन्ही ट्रक सरसर चढले. वर फाटा आला. डावीकडे गॅरेज, उजवीकडे भंगारवाला. ड्रायव्हरने घाम पुसला आणि हळूच उजवा सिग्नल दिला.

आरशात मागच्या ट्रकचा डावा सिग्नल उघडझाप करत होता. त्या ट्रकची बॅटरी त्याने सकाळीच काढून आपल्या ट्रकला बसवली होती.