फरशीवरून

"कुणीही हात लावायचा नाही," व्यायामबाईंनी बजावलं. "खुर्चीचा आधार चालेल. माणसाचा नाही."

टेलिफोनबाई हॉलच्या मधोमध फरशीवर उताण्या झोपल्या होत्या. आपणहून. वय सत्त्याऐंशी. एक्स्चेंजमध्ये चाळीस वर्षं बसून त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली होती, म्हणून निवृत्तांच्या या वसाहतीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. त्यांच्यापासून चार हातांवर एक जड लाकडी खुर्ची ठेवलेली होती.

परीक्षा साधी होती. फरशीवरून एकटीनं उठून दाखवलं, तर त्यांनी आपल्या दोन खोल्यांत राहायचं. नाही जमलं, तर शुक्रवारी सामान मागच्या इमारतीत. तिथं चोवीस तास नर्स असते आणि दारांना आतून कडी नसते.

मागच्या इमारतीसाठी अर्ज लेकीनंच केला होता. तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. गेल्या महिन्यात आई फोन उचलत नाही म्हणून ती धावत आली, तेव्हा आई स्वयंपाकघरात पडलेली होती, दुपारभर. त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता बासष्ट वर्षांची ती लेक भिंतीशी उभी राहून पर्सचा पट्टा पिळत होती.

टेलिफोनबाई कुशीवर वळल्या. एवढ्यालाच दोन मिनिटं गेली. मग कोपर रोवलं, जोर लावला, आणि पुन्हा आडव्या झाल्या.

"सावकाश होऊ द्या, बाई," बघायला जमलेल्या रहिवाशांच्या पहिल्या रांगेतून निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "जेवणाची घंटा एक वाजता आहे."

"घड्याळ खिशात ठेवा, पोस्टमास्तर," बाई फरशीवरूनच म्हणाल्या. "तुमची पत्रं कुठं वेळेवर पोचायची?"

हॉल हसला. त्या हशातच त्यांनी पुन्हा कोपर रोवलं. या वेळी ते टिकलं. मग दुसरा हात, मग एक गुडघा, मग दुसरा. टेलिफोनबाई चार पायांवर आल्या आणि तशाच थांबल्या. डोकं खाली गेलं. कपाळ जवळजवळ फरशीला लागलं. दंड लटपटत होते, आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं.

आता कुणी हसत नव्हतं. लेकीला राहवलं नाही. हात लावायला बंदी होती, शेजारी बसायला नव्हती. ती लगबगीनं गेली आणि आईच्या तोंडाजवळ तोंड नेऊन फरशीवरच बसली.

"आई, पुरे ना आता. मी अर्ज मागे घेते. नको हे."

"रडू नकोस," आई धापा टाकत म्हणाली. "रडताना तुझं नाक लाल होतं, मग मला हसू येतं. आणि हसले की माझे हात सुटतात."

एवढं बोलून ती रांगायला लागली.

लेकीनं आईला रांगताना कधी पाहिलं असणार? कुणी पाहिलेलं असतं? एक हात, एक गुडघा. थांबायचं, श्वास घ्यायचा. दुसरा हात, दुसरा गुडघा. खोटं कशाला सांगू, त्या हॉलमध्ये मोठमोठी माणसं येऊन भाषणं ठोकून गेली होती, पण एवढी शांतता कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. पोस्टमास्तरांचा चहा हातातच निवला.

बाईंचे हात खुर्चीच्या बैठकीवर पडले. उजवं पाऊल पुढे आलं, फरशीवर सपाट टेकलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मग अंग वर यायला लागलं, इतकं हळू, की वर येतंय की नाही हे कळू नये. आणि मग टेलिफोनबाई उभ्या होत्या.

टाळ्या वाजवायचं कुणालाच सुचलं नाही. व्यायामबाईंनी कागदावर सही केली आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

लेक उठायला गेली. तिनं हात टेकला, जोर लावला आणि परत खाली बसली. ओशाळं हसून तिनं दुसऱ्या बाजूनं उठून पाहिलं. गुडघ्यांनी साफ नकार दिला. तिसऱ्या खेपेला तिचं हसू गेलं. एवढ्या माणसांसमोर ती फरशीवर बसून होती आणि तिला उठता येत नव्हतं.

व्यायामबाई चष्मा तसाच ठेवून पुढे झाल्या. टेलिफोनबाईंनी तळहात वर करून त्यांना थांबवलं.

"जमेल तिला," त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळून, "आधी कुशीवर वळ. घाबरू नकोस. आता कोपर."

लेक वळली. तिनं कोपर रोवलं आणि मान वर करून पाहिलं. आई किती उंच होती! पांढरे केस पार छताजवळ दिसत होते. आई एवढी उंच असते हे ती कधीच विसरून गेली होती, आणि तिला एकदम निर्धास्त वाटलं.

धरत धरत आई खुर्चीच्या पाठीमागे गेली. मग ती जड खुर्ची ढकलत, एकेक पाऊल टाकत, लेकीच्या हाताशी घेऊन आली. लेकीनं बैठकीवर दोन्ही हात ठेवले.

आईनं खुर्चीवरचे आपले हात काढले. एक पाऊल मागे सरकली. कशालाही न धरता हॉलच्या मधोमध उभी राहिली.

"ये," ती म्हणाली.