भरवणारा हात

"आई, तुला मी कध्धी कुठं पाठवणार नाही!" चिमुकला कौशिक गळ्यात पडून म्हणाला होता.

मोठेपणी वचन पाळलं त्यानं, पगारी बायांकरवी. चेन्नईत मैलापूरच्या घरी एजन्सी दर आठवड्याला नवी बाई धाडी. त्याची आई, कुमुदिनीबाई, नाक मुरडत, "आली भाड्याची लेक!"

पण तोंड बदले, नाव बदले, भरवणारा हात मात्र तोच. गारठलेला, मनगटावर चंद्रकोरीसारखा भाजल्याचा डाग.

त्या गप्प राहत. बोललं, तर भ्रम झाला म्हणून कौशिक वृद्धाश्रमात टाकील.

रविवारी बाई आलीच नाही. कौशिकनं तांदळाच्या कांजीची वाटी घेतली. "आज मीच भरवतो. खूश?"

"केवढे उपकार!" म्हणत त्यांनी तोंड उघडलं.

ओठांना गार बोटं लागली. बाही वर सरकली. मनगटावर तोच डाग.

"कौशिक," त्या अखेर बोलल्या, "हा हात तुझा नाही रे."