सायवनच्या थाळ्या

लक्ष्याचा दम पंचांना ऐकू आला नाही. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, ओठ ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत होते. पण सायवनच्या बायका थाळ्या बडवत होत्या. पंचांनी कानामागे हात धरला, मान हलवली आणि शिट्टी मारली. दम सुटला. लक्ष्या बाद.

“सुटला नाय!” झरीच्या संघाबरोबर आलेला चिमण ताडकन उठला. “आधी त्या थाळ्या बंद करा.”

“प्रेक्षक आहेत, वाजवणारच,” पंच म्हणाले. ते डहाणू रोडचे होते आणि त्यांना उजेडात घरी जायचं होतं.

सामने भरवणारा सुदाम मंडपाच्या खांबाला टेकून हसत होता. युक्ती त्याचीच. बायकांना त्याने मुद्दाम पुढे बसवलं होतं, घरोघरच्या थाळ्या आणवल्या होत्या आणि मधोमध स्वतःच्या म्हाताऱ्या आईला, बायजीला, खुर्ची दिली होती. झरीचा गडी चढाईला आला की बडवायचं. आपला गेला की गप्प बसायचं.

“तुम्ही पण आणायच्या की थाळ्या,” तो चिमणला म्हणाला. “पण वाजवणार कोण? झरी ओस पडली काय रे?”

बाकीचे हसले. मागच्या वर्षी इथे सामन्यात झरीच्या लोकांवर दगड पडले, तेव्हापासून झरीतलं कुणी सायवनला यायला तयार नव्हतं. सकाळी तो दारोदार हाका मारत हिंडला होता. कुणाची मिरची तोडायची होती, कुणाकडे पाहुणे आले होते. शेवटी टेम्पोत खेळाडू चढले आणि तो चढला. या मैदानावर झरी एवढीच होती.

जिंकेल तो संघ पालघरला जाणार होता. जिल्हा वेगळा होऊन थोडेच दिवस झाले होते, जिल्ह्याचा संघ अजून बनायचा होता आणि खेळाडू निवडणारे तिथेच येणार होते. त्यासाठी लक्ष्याने वापीच्या कंपनीतलं काम सोडलं होतं. नदीकाठच्या मोहाच्या झाडाखाली झरीचं मैदान. तिथे तो पहाटेपासून घाम गाळायचा. आज हरला तर पुन्हा त्याच कंपनीच्या दारात उभं राहायचं, आणि तेही त्यांनी परत घेतलं तर.

मध्यंतरात पाण्याच्या पिंपाशी दक्षा आली. चिमणच्या शेजारच्या घरातली पोर, त्याच्याच अंगणात वाढलेली. गेल्या उन्हाळ्यात तिला सायवनला दिली होती. तिच्या हातात थाळी होती.

“काका, लक्ष्याचा गुडघा बरा हाय ना?”

“तुला काय करायचंय?” चिमण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “तू सायवनची. जा, बडव जा.”

ती थाळी पदराखाली घेऊन निघून गेली. जाऊन ती बायजीच्या खुर्चीशी वाकली आणि म्हातारीच्या कानात काहीतरी बोलली. चहाडी करत असेल, चिमणला वाटलं. सहा महिन्यांत किती बदलली!

दुसऱ्या डावात झरीने चिकाटीने बरोबरी गाठली. एकच चढाई उरली आणि ती लक्ष्याची होती.

“मरेस्तोवर बडवा!” सुदाम दोन्ही हात वर करून ओरडला.

लक्ष्याने मध्यरेषेला बोटं लावून कपाळाला लावली. चिमणने डोळे मिटून घेतले.

“कबड्डी, कबड्डी, कबड्डी...”

आवाज स्वच्छ आला. इतका स्वच्छ की त्यातला लक्ष्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. चिमणने डोळे उघडले. थाळ्या बायकांच्या मांडीवर पालथ्या पडल्या होत्या. दोघीतिघी बडवायला गेल्या. शेजारणींनी त्यांची मनगटं धरली. लक्ष्याने कोपऱ्यातल्या गड्याला हात लावला. तिघांनी त्याचा पाय पकडला. तो मातीत तोंडावर पडला, सरपटला, पण दम सोडला नाही. मैदानावर फक्त त्याचाच आवाज होता. त्याचं बोट मध्यरेषेपलीकडे टेकलं. पंचांनी झरीकडे हात केला.

सायवनचे लोक खवळले. कुणीतरी माती भिरकावली. “पोरांनो, टेम्पोत बसा!” चिमण ओरडला.

सुदाम बायकांवर धावून गेला. “का थांबल्या? कुणी सांगितलं थांबायला? दक्षे, तूच ना? खाते आमचं आणि गाते झरीचं!” त्याने तिची थाळी हिसकली. ती सोडेना.

चिमण टेम्पोची फळी धरून थांबला. पहिल्यांदाच त्याने त्या रांगेकडे नीट पाहिलं. दक्षाशेजारी शुक्री होती. तिच्यापलीकडे जिव्याची थोरली लेक. मागे काळी, लक्ष्याची चुलतबहीण. सगळ्यांच्या लग्नात तो पोटभर जेवला होता. सकाळी हाका मारताना यांच्यातल्या एकीचीही त्याला आठवण झाली नव्हती.

“तिची थाळी सोड, सुदाम,” बायजी खुर्चीतून म्हणाली. “मी सांगितलं थांबा म्हणून.”

“आये, तू?”

मांडीवरच्या पालथ्या थाळीवर हात ठेवून म्हातारी चिमणकडे बघत होती.

“नदीवरचा मोह उभा हाय ना रं अजून?” तिने विचारलं. “माझा भाऊ त्याच्याखालीच खेळायचा.”