उलटा चमत्कार

कोविडशी झुंजून माझा नवरा अंबरीश घरी आला, पण पायात जोरच उरला नव्हता. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावातल्या आमच्या घराचा जिना शिडीसारखा उभा, म्हणून त्याचा पलंग खालीच हॉलमध्ये लावला. दोन महिने तो तिथंच होता.

त्या दिवशी भाजी घेऊन परतताना मी वाटेतल्या जुन्या चर्चमध्ये डोकावले. रंगीत काचांच्या उंच खिडकीत मध्ययुगातल्या कुणा संताचे चमत्कार होते. सवयीनं वरून वाचत आले. वरच्या काचेत एक माणूस नाचत होता, मधल्या काचेत तोच बसलेला, खालच्या काचेत अंथरुणाला खिळलेला.

"हा कसला चमत्कार? नाचता माणूस झोपवला तुमच्या संतानं!" मी मास्कमधूनच तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला सुनावलं.

तो दीड मीटरवरून हसला. "मॅडम, या खिडक्या खालून वर वाचायच्या असतात."

घरी आले, तर पलंग रिकामा. हातातली पिशवी गळून पडली.

"अंबरीश!"

"ओरडतेस काय?" जिन्याच्या वरच्या टोकाहून धापा टाकत आवाज आला. "आज चहा वर आण."