चार पानी पत्र

राजवाडेबाईंच्या पत्राला अच्युतरावांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. 'तुमच्या तोंडाला वास येतो,' असं बाईंनी स्पष्ट लिहिलं होतं. 'रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, रोज जीभ घासा, दातांच्या डॉक्टरांना दाखवा.'

बाईंना बारीक छापील अक्षर दिसत नसे, कानही मंद. त्यामुळे वाचनालयात अच्युतरावांना कादंबरी अगदी त्यांच्या कानाशी वाचून दाखवावी लागे. शरमेने अच्युतरावांनी जाणं सोडलं आणि त्यांच्या खुर्चीत दबीर बसले. दबीर अर्धे शब्द गिळत, तरी बाई हसून ऐकत. खिडकीतून ते पाहताना अच्युतरावांचा जळफळाट होई.

एकदा दबीरांनीच त्यांना फाटकाशी गाठलं. "रुसलात होय? अहो, तसलं पत्र मलाही आलं होतं!"

यालाही पत्र! अच्युतराव आणखीच जळले. "केवढं होतं?"

"एका ओळीचं. 'तोंड घासून या, नाहीतर येऊ नका.' तुमचं?"

"चार पानी," म्हणताना अच्युतरावांचे कान लाल झाले.

ते तडक डॉक्टरांकडे गेले. पंधरवड्याने डॉक्टर 'आता वास नाही' म्हणाले, तेव्हा त्यांनी उत्तर लिहिलं, 'सोमवारपासून मीच वाचेन, दबीरांना कळवा,' आणि ते टपालपेटीत टाकलं.