हलू नकोस

"ओत, ओत, लवकर ओत! घट्ट व्हायला लागलं की संपलं!" क्लाइव्ह गाडीत बसूनच ओरडला.

लोर्नाने बादलीतलं पिवळं मिश्रण त्याच्या पाठीमागच्या काळ्या पिशवीत ओतलं आणि पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं. पिशवी हळूहळू फुगत त्याच्या कमरेभोवती आणि काखांखाली चढू लागली. हा फोम पाव तासात टणक होतो आणि बसणाऱ्याच्या अंगाच्या मापाची सीट तयार होते. घरी गाडी बांधणारे हौशी लोक सीट अशीच करतात. अट एकच. फोम टणक होईपर्यंत हलायचं नाही. हललं की माप बिघडलं आणि सगळा खटाटोप कचऱ्यात.

क्लाइव्ह दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसला. जुना पायजमा, डोक्यावर लोकरी टोपी आणि चेहऱ्यावर शर्यत जिंकल्याचा भाव. गाडीला अजून दिवे नव्हते.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण या नकटीची सगळी विघ्नं नवरदेवानेच आणली होती. सुट्या भागांची खोकी घरी आली त्याला सहा वर्षं झाली. डॅशबोर्ड तीनदा बसवून तीनदा उखडला. सगळ्या वायरी एकदा जोडून झाल्या आणि मग कुठल्याशा क्लबातल्या कुणाच्या वायरी जास्त सरळ दिसल्या म्हणून पुन्हा सोडवल्या. न चालणारी गाडी गॅरेजात उबेला, आणि चालणारी बाहेर रस्त्यावर. हिवाळ्यात रोज सकाळी तिच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा कुणी? लोर्नाने.

आणि बोलायला जावं तर हा पसार. "अगं, आलोच," म्हणून जो गॅरेजात शिरायचा तो जेवायलाच बाहेर. समुद्राकाठी क्रोमरला लोर्नाची बहीण जीन राहते. तिच्या शेजारचा बंगला रिकामा होणार, हे लोर्ना गेल्या उन्हाळ्यापासून त्याला सांगत होती. पालथ्या घड्यावर पाणी. "आधी गाडी सरकारी तपासणीत पास होऊ दे," एवढंच उत्तर.

लोर्नाने बादली खाली ठेवली. नवऱ्याकडे नीट पाहिलं. आज हा कुठेही जाऊ शकत नव्हता.

"क्लाइव्ह, मला बोलायचंय."

"आत्ता?" तो ओठही न हलवता म्हणाला. "हसवू नकोस हं. पोट हललं तर गेलं सगळं."

"हसवत नाहीये. जीनच्या शेजारचा बंगला मी घेते म्हणून कळवलंय. एप्रिलमध्ये मी तिकडे राहायला जाणार आहे."

गॅरेजात कुठेतरी रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी पुटपुटत होती. क्लाइव्ह भिंतीकडेच बघत राहिला.

"राहायला म्हणजे... सुट्टीला?"

"राहायला म्हणजे राहायला."

त्याने विचारलं, "तिथे गॅरेज आहे का?"

लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्याची उरलेली वर्षं कुठे आणि कुणाबरोबर काढायची हे बायको सांगतेय, आणि हा बाबा गॅरेज विचारतोय!

"नाही. बागेत लाकडी छपरी आहे. दोन सायकली मावतील. तू ये किंवा येऊ नकोस, मला आता कंटाळा आलाय विचारायचा. मी जाणार." तिने हातमोजे काढून बाकावर टाकले. "बस तू तुझ्या मापात."

ती घरात जायच्या दाराकडे वळली. दार त्याच्या डाव्या हाताला, मागच्या बाजूला होतं. बसल्या जागेवरून त्याला ते दिसत नव्हतं, फक्त कडी वाजलेली ऐकू आली.

"लोर्ना! थांब!"

मागे पिशवी कराकरा वाजली. लोर्नाने वळून पाहिलं. क्लाइव्ह नुसती मान नाही, आख्खा वळला होता. डावा खांदा मागे, उजवा गुडघा वर, हात स्टिअरिंग सोडून तिच्या दिशेने.

"अरे, हललास!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"हललो," तो म्हणाला. पण पुन्हा सरळ बसला नाही. तसाच वाकडा, तिच्याकडे बघत राहिला. "एकटी जाणार होतीस?"

"हो."

"खरंच?"

"हो म्हटलं ना!" लोर्नाचा आवाज चिरकला आणि तिला त्याचाही राग आला.

तो तसाच वळून बसून राहिला. तीही दार धरून उभी राहिली. फोम टणक झाला तेव्हा क्लाइव्ह कण्हत, कंबर धरत बाहेर आला. सीटमध्ये त्याची पाठ उमटली होती, सगळी डावीकडे पिळलेली.

आता ही कचऱ्यात जाणार, लोर्नाच्या मनात आलं. मग नवा फोम मागवायचा, म्हणजे आणखी तीन आठवडे.

क्लाइव्हने सीट बाहेर काढली आणि सुरी घेतली. बाहेर आलेल्या कडा कापल्या, पिळलेल्या भागाला हात लावला नाही. सीट परत गाडीत दाबून बसवली आणि बसून पाहिलं. मग उठून शेजारच्या जागेत नवी काळी पिशवी अंथरली.

"चल, बस," तो म्हणाला.

"आता हे काय?"

"एप्रिलमध्ये क्रोमरला जायचं तर तुझी सीट आजच ओतायला हवी."

लोर्ना त्याच्याकडे बघत राहिली. सहा वर्षांत या माणसाने कुठल्याही गोष्टीला तारीख म्हणून दिली नव्हती. तिने बूट काढले, गाडीच्या कडेवरून कशीबशी आत उतरली आणि पिशवीवर बसली.

"आणि हलायचं नाही, असंच ना?" तिने चिडून विचारलं.

"तू हल हवं तेवढं," क्लाइव्ह म्हणाला आणि ओतायला लागला.